एकशे अठ्ठावीस एमबी आणि शिवकन्येचं लग्न

३ डिसेंबर २००३, परतूर

आज औरंगाबादहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. रेल्वेत डबा मांडीवर धरून बसलो, तर समोरच्या माणसानं विचारलं, मिठाई का? डब्यावर आग ओकणारा राक्षस छापलेला आहे, तरी मिठाई! असल्या लोकांत राहून मी व्हिडिओ मिक्सिंगचा धंदा करतो.

कार्ड एकशे अठ्ठावीस एमबी मेमरीचं आहे. समोरच्या सिराजोद्दीनचं चौसष्टचं. डीलरने मलाही आधी चौसष्टचंच दाखवलं होतं, साध्या पांढऱ्या डब्यातलं, आणि किंमत दोन्हीची सारखी. मी परतूरचा आहे म्हणून अर्धी वस्तू पूर्ण किमतीत गळ्यात मारता का, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो हसला आणि राक्षसाचा डबा पुढे केला. मी काही दूधखुळा नाही.

सिराजभाईने यंदाच्या दिवाळीत माझ्या दुकानासमोर मिक्सिंगची पाटी लावली. त्याआधी परतुरात लग्नाची कॅसेट म्हणजे देवानंद व्हिडिओ, दुसरं नाव नव्हतं. आता मोंढ्याच्या बाजारातले कापसाचे आडते रखमाजीशेठ यांच्या दोन्ही मुलींची लग्नं आहेत. थोरली शिवकन्या याच महिन्यात, धाकटी सत्वशीला चैत्रात. थोरलीचं काम माझ्याकडे आलंय. ज्याच्याकडे ही दोन लग्नं, त्याच्याकडे सगळा मोंढा. आणि मोंढा हातचा गेला तर कॅमेरा विकून पासपोर्ट फोटो काढत बसायची पाळी येईल. म्हणून तर कार्ड घेतलं.

१४ डिसेंबर

शिवकन्येचं लग्न लागलं. रखमाजीशेठच्या दारातच मांडव होता. फेटा बांधून घेतलेला प्रत्येक सोयरा कॅमेऱ्याकडे बघून हात जोडतो आणि मी हलेपर्यंत जोडलेलेच ठेवतो. अंतरपाट धरला तेव्हा कुण्या मामाच्या कोपराने माझा खांदा हलला. मंगलाष्टकं चालू होती म्हणून मामा वाचला.

नवरीची आई कौसल्याबाई मला अक्षतांच्या वेळी एका शॉटमध्ये हव्या होत्या. कुठेच दिसेनात. विचारलं तर बायका मलाच हसल्या. लग्न लागताना आईनं पाहायचं नसतं, ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते, हे मला काय माहीत नाही? इतकी लग्नं काढली. गडबडीत विसरतो माणूस. असो, तेवढा एक शॉट वाचला.

बायकोला, म्हणजे बेबीनंदाला, लाइटची वायर धरायला मुद्दाम नेलं होतं. तर ऐन अक्षतांच्या वेळी ही मागच्या अंगणात कौसल्याबाईंजवळ जाऊन बसली. वायर मी पायाखाली दाबून धरली. धंद्याची काळजी एकट्या मलाच आहे.

२२ डिसेंबर

मिक्सिंग चालू आहे. भारनियमनाने जीव नकोसा केलाय, पण त्याहून जास्त त्रास नवरीने दिलाय. अंतरपाट धरलाय, पलीकडे नवरदेव, तोंडावर माझा लाइट, आणि ही मान वळवून घराच्या मागच्या दाराकडे बघतेय. एकदा नाही, दर कडव्याला. मी हाताने खुणावलं होतं की इकडे बघ, तरी नाही. असला शॉट कोण पाहील?

म्हणून तिथे फिरता क्यूब टाकला, म्हणजे पडद्यावर गरगरणारा चौकोनी डबा. सहा बाजूंवर गणपती, गुलाब, धबधबा, बर्फाचा डोंगर, नवरदेवाचा फोटो आणि सहाव्या बाजूवर अंतरपाट. नवरी त्यात इतकी लहान दिसते की मान कुठे वळलीय ते कळतच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण क्यूब अटकतोय. टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं सरकली पाहिजेत, तर हा बर्फाच्या डोंगरापाशी येऊन दम खातो. संगणकातून थेट कॅसेटवर उतरवताना तोच झटका कॅसेटवरही येतो. एकशे अठ्ठावीस एमबी असून! चार वेळा उतरवून पाहिलं.

बेबीनंदा चहा घेऊन आली आणि टीव्हीकडे बघत उभी राहिली. शिवकन्या कुठं गेली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, क्यूबमध्ये आहे. तर म्हणाली, बाहेर काढा की तिला. आता हिला काय सांगायचं?

११ जानेवारी २००४

कॅसेट पोचती केली. रखमाजीशेठनी स्वतःला फेटा बांधतात तेवढा भाग दोनदा पाहिला आणि खूश झाले. क्यूबपाशी मात्र त्यांनी विचारलंच, चित्र अटकून राह्यलंय का? मी म्हटलं, तुमच्या व्हीसीआरचं हेड घाण झालंय.

कौसल्याबाईंनी आतल्या उंबऱ्यावर बसून सगळी कॅसेट पाहिली. संपल्यावर उठून आत गेल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत पडली असणार. नापसंत असतं तर बोलल्या असत्या.

८ फेब्रुवारी

धाकटीचं लग्न सिराजोद्दीनला दिलं! मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मोंढ्यातल्या चहावाल्याकडून कळलं. तसाच रखमाजीशेठच्या आडतीवर गेलो. ते कापसाच्या भावाचं बोलायला लागले. मी विषय सोडला नाही, तेव्हा म्हणाले, "घरातून सांगितलं भाऊ. आन् तुमचं ते चित्र अटकतंय ना."

अटकतंय! ज्या माणसाने स्वतःचा फेटा सोडून काही पाहिलं नाही, त्याला अटकलेलं बरोबर दिसलं. पण त्यांना तरी काय बोलणार? खरा गुन्हेगार ते कार्ड आहे. आता या कार्डाचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय मी राहणार नाही.

१५ फेब्रुवारी

सिराजभाईच्या दुकानात गेलो. सरळ म्हटलं, तुझं कार्ड दाखव. दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. त्याने खुर्ची दिली, बायकोला, मैमूनावहिनींना, चहा सांगितला आणि स्क्रू उघडायला बसला.

दोन्ही कार्डं आळीपाळीने त्याच्याच मशीनमध्ये घातली. मशीन तेच, मशीनची मेमरी तीच, क्यूबही माझाच. बदललं ते फक्त कार्ड. माझं लावलं तर क्यूब सेकंदाला अकरा-बारा चित्रांवर रडत राहिला. त्याचं लावलं तर पंचवीस, आणि पंख्याचा आवाजसुद्धा कमी. माझा विश्वास बसेना, म्हणून कार्डं पुन्हा बदलून पाहिली. तरी तेच.

मग मी दोन्ही डब्यांतले कागद काढून अक्षर न् अक्षर वाचलं. चोरी तिथे सापडली. माझ्या कार्डाची मेमरी दुप्पट, पण त्या मेमरीतून चिपकडे जायचा रस्ता चौसष्ट बिटचा. सिराजभाईच्या कार्डाची मेमरी निम्मी, पण रस्ता एकशे अठ्ठावीस बिटचा. चिपमध्ये चित्र रंगवणाऱ्या वाटा त्याच्याकडे चार, माझ्याकडे दोन. म्हणजे मला मोंढ्यातलं सगळ्यात मोठं गोदाम विकलं आणि त्याला दार ठेवलं एका पोत्याचं. डब्यावर मेमरीचा आकडा हाताएवढा, आणि रस्त्याचा आकडा आतल्या कागदावर मुंगीएवढा. सरळ सरळ दरोडा आहे हा!

सिराजभाई म्हणाला की त्याने आकडे पाहिलेच नव्हते, पांढरा डबा हलका होता म्हणून उचलला. अशा माणसाला देव बरोबर कार्ड देतो आणि वाचून-विचारून घेणाऱ्याला राक्षस.

२० फेब्रुवारी

औरंगाबादला जाऊन डीलरशी भांडलो. दोन्ही कागद त्याच्या काउंटरवर आपटले. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच एकशे अठ्ठावीस मागितलं. मी तर आधी दुसरं दाखवलं होतं." दुकानातली दोन पोरं हसली. मी म्हटलं, गिऱ्हाईक आंधळं असेल तर दुकानदाराने डोळे उघडायचे असतात. तर तो म्हणतो, उघडायला गेलो तेव्हा तुम्ही मला चोर म्हणालात.

कार्ड बदलून दिलं नाही. येताना रेल्वेत जागाही मिळाली नाही.

२६ फेब्रुवारी

सिराजभाई आज स्वतः दुकानात आला. कागदात गुंडाळलेलं त्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणाला, "देवानंदभाऊ, हे तुमी वापरा. तुमचं मला द्या. मला काही फरक पडत न्हाई, माझं काम त्याच्यात बी भागतंय."

मला आधी राग आला. दया दाखवतो काय? मग लक्षात आलं की यात माझाच फायदा आहे. सत्वशीलेचं लग्न आता तो माझ्या रडक्या कार्डावर करणार. क्यूब तर अटकणारच. मग रखमाजीशेठना कळेल की दोष देवानंदचा नव्हता. कार्डं बदलली. बेबीनंदा म्हणाली, चांगला माणूस हाय. मी म्हटलं, बघू चैत्रात.

२५ एप्रिल

सत्वशीलेच्या लग्नाची कॅसेट आज रखमाजीशेठच्या घरी लागली. मला बोलावणं नव्हतं. बेबीनंदाला होतं, तिच्या मागोमाग मी गेलो. ती माझ्या कार्डावर झाली होती ना! ते कुठे कुठे अटकतं ते मला पाहायचं होतं.

एकदाही अटकलं नाही. अटकेल कसं? साऱ्या कॅसेटीत एक इफेक्ट नाही! क्यूब नाही, गुलाब नाही, पान उलटत नाही. एक शॉट संपला की दुसरा, बस. त्याने माझ्या कार्डाला काही कामच दिलं नाही. याला काय तुलना म्हणायची?

आणि अंतरपाटाच्या वेळी काय केलं म्हणता? मैमूनावहिनी दुसरा कॅमेरा घेऊन मागच्या अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. एकदा नवरीचं तोंड, एकदा तुळशीला पाणी घालणारी आई, पुन्हा नवरी. मंगलाष्टकांचा आवाज दोन्हीकडे. तांब्यातलं पाणी कधीच संपलंय, तरी कौसल्याबाई तांब्या वाकडा धरूनच बसल्यात. एडिटरने हे कापायला नको? मी असतो तर पहिलं तेच कापलं असतं.

खोलीतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. बेबीनंदासुद्धा. रडवणं सोपं असतं, क्यूब फिरवणं अवघड असतं. पण हे बोलायची सोय नव्हती. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

घरी आल्यावर ठरवलं. सिराजभाईचं चांगलं कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर शिवकन्येची कॅसेट नव्याने करायची, फुकट, आणि कौसल्याबाईंच्या हातात द्यायची. शॉट संगणकात आहेतच, अंतरपाटाचा तेवढा क्यूबपुरता लहान करून ठेवलाय, मोठा पुसून टाकला. मग कळेल मिक्सिंग कशाला म्हणतात. आणि इज्जतीचा प्रश्न आहे. मोंढ्यातलं यंदाचं एकही काम माझ्याकडे आलेलं नाही.

२ मे

कॅसेट झाली. मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण परतुरात असं काम आजवर झालेलं नाही. क्यूब लोण्यासारखा फिरतो. त्यावर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, पाकळ्यांमागे शिवकन्येचं नाव सोनेरी अक्षरांत. बर्फाच्या डोंगरापाशी श्वास रोखून पाहिलं. कुठेही झटका नाही.

संध्याकाळी बेबीनंदाला घेऊन रखमाजीशेठकडे गेलो. शेठ आडतीवर होते, कौसल्याबाई एकट्याच होत्या. मी कॅसेट लावली आणि सांगितलं की नीट बघा, आता कुठेच अटकत नाही. त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसल्या. अंतरपाट आला, क्यूब फिरला, पाकळ्या पडल्या. त्या एकदा डावीकडे वाकल्या, एकदा उजवीकडे, जशी काही क्यूबच्या मागची बाजू दिसणार होती. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, माझी शिवकन्या कुठंय?"

मी पुढे होऊन बोट ठेवलं. ही काय, पाकळ्यांच्या मागे. तोवर ती बाजू फिरून गेली होती आणि माझं बोट धबधब्यावर होतं.

"तुमी सगळे मांडवात व्हते," त्या म्हणाल्या. "मी तुळशीपाशी व्हते. माझ्या लेकीचं लगीन मी पाह्यलंच न्हाई. कॅसेटीत दिसंल म्हनून वाट पाहून राह्यले व्हते. आदीच्या कॅसेटीत बी हा डब्बाच आल्ता."

मी क्यूब, कार्ड, बिट असं काहीतरी सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. मूळ कॅसेट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मूळ कॅसेट कुणी ठेवतं का? काम झालं की तीच कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची, परतुरात काय, सगळीकडे हीच रीत आहे. शिवकन्येवर एव्हाना कुणाचीतरी वरात चढली असणार. हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या. आम्ही चहा न घेता निघालो.

३ मे

आज मोठा संताप झालाय, पण कुणावर करायचा ते कळत नाही.

सकाळी पाहतो तर बेबीनंदाने कुरडयांचा पत्र्याचा डबा खाली काढला, वरच्या कुरडया बाजूला केल्या, आणि तळातून फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. मूळ! शिवकन्येचं लग्न, माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच.

माझ्या धंद्याची वस्तू कुरडयांच्या डब्यात! मी ओरडलो. वापरायच्या ढिगातून न विचारता उचललीच कशी, धूळ गेली असती तर, बुरशी आली असती तर? तिने कुरडया पुन्हा डब्यात रचल्या. मग म्हणाली, "तुमी त्या पोरीला डब्ब्यात घातलं, तवाच मला कळलं. कौसल्याबाई कवातरी मागतील म्हनून ठेवली व्हती. लग्नाच्या टायमाला मी त्यांच्यापाशीच बसल्ते ना."

मग इतके महिने बोलली का नाही, असं विचारलं. तर म्हणाली, बोलले व्हते की, बाहेर काढा म्हनून.

आम्ही दोघं पुन्हा गेलो. व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट तशीच घातली. मध्ये संगणक नाही, दोन्हीपैकी एकही कार्ड नाही. मला लाज वाटत होती. नाव नाही, गाणं नाही, लाइट एका बाजूला जास्त, मामाच्या कोपराने चित्र हललेलं. मी आधीच सांगून टाकलं की नवरी कॅमेऱ्याकडे बघत नाही, सारखी मागच्या दाराकडे बघते, म्हणून तर झाकावं लागलं.

शिवकन्येचं तोंड आलं. मुंडावळ्यांमधून तिने मान वळवली. कडवं संपलं, पुन्हा वळवली. कौसल्याबाई टीव्हीच्या काचेला हात लावून बसल्या होत्या.

"मला पाहून राह्यली व्हती ती," त्या म्हणाल्या.

कॅसेट मागे घ्यायला सांगितली. मी घेतली. पुन्हा सांगितली, पुन्हा घेतली. व्हीसीआरचं बटण त्यांना येत होतं की नाही कोण जाणे, पण माझ्याच हाताने करून घेतलं, आणि मीही केलं. निघताना कॅसेट तिथेच ठेवली. त्यांनी आज चहा दिला, तो घेतला.

घरी येताना वाटेत मी बेबीनंदाला म्हटलं, म्हणजे सगळा दोष त्या डीलरचा. चांगलं कार्ड दिलं असतं तर ही वेळच आली नसती. ती पुढे चालत राहिली.

१६ मे

सिराजभाईचं कार्ड परत करायला गेलो. तो नको म्हणत होता, मी ठेवून आलो. माझं राक्षसाचं कार्ड पुन्हा माझ्या मशीनमध्ये घातलंय. डीलरवरचा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही. डब्यावर एक आणि आत दुसरं, हे मी भेटेल त्याला सांगणार आहे.

आज अंतरवाली सराटीला लग्न होतं. मोंढ्याचं नव्हे, बेबीनंदाच्या लांबच्या नात्यातलं. काम लहान आहे, पण काम आहे. अंतरपाट धरायच्या आधी मी नवरीच्या आईला विचारलं, तुमची तुळस कुठे आहे. त्या घाबरल्या, म्हणाल्या काही चुकलं का? मी सिराजभाईकडून मागून आणलेला दुसरा कॅमेरा बेबीनंदाच्या हातात दिला, बटण दाखवलं आणि तिला मागच्या अंगणात पाठवलं. लाइटची वायर मीच पायाखाली दाबून धरली.

मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला नवरीने मान वळवून दाराकडे पाहिलं. बाजूचा एक पाहुणा तिला सांगायला लागला, पोरी, क्यामेऱ्याकडं पाह्य. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असावं, कारण भटजीसुद्धा एक ओळ थांबले.